मदत हवी आहे : डाळमिल चालवणाऱ्या बचत गटांसाठीच्या लघु अभ्यासक्रमाचे मूल्यमापन

मराठवाड्यातील आमच्या विद्यापीठात महिला बचत गटांसाठी 2 श्रेयांकांचा (क्रेडिटचा), म्हणजे राष्ट्रीय श्रेयांक आराखड्यानुसार 60 अध्ययन-तासांचा, हवामानबदलाला तोंड देऊ शकणाऱ्या ग्रामोद्योगाचा अभ्यासक्रम आखत आहोत. उदाहरण म्हणून डाळमिल घेतली आहे. तूर फुलोऱ्यात असताना पावसाने ताण दिला किंवा काढणीच्या वेळी अवकाळी पाऊस आला, तर कच्चा माल कमी आणि ओला येतो, कर्जाचा हप्ता मात्र थांबत नाही.

कृषी विद्यापीठांचे साहित्य पाहिले. रुंद वरंबा-सरी पेरणी आणि शेततळे यांसाठी ते उत्तम आहे, पण आमचा प्रश्न शेताच्या बांधाबाहेर सुरू होतो : तूर केव्हा व किती साठवावी, खेळते भांडवल किती राखावे, गोदाम तारण कर्ज (गोदामात ठेवलेला माल तारण ठेवून मिळणारे कर्ज) कधी घ्यावे. हिशेबाचा भाग सीआरपी ताईंच्या (गावपातळीवर बचत गटांना मार्गदर्शन करणाऱ्या समुदाय संसाधन व्यक्तींच्या) मदतीने तयार झाला आहे.

अडचण मूल्यमापनाची आहे. अनेक जणी दहावी उत्तीर्ण नाहीत, खरिपात वर्ग घेता येत नाहीत आणि स्मार्टफोन बहुधा घरात एकच असतो. लेखी परीक्षा आम्हाला नको आहे (ती उद्योगाची नव्हे, हस्ताक्षराची परीक्षा ठरेल), परंतु परीक्षा विभागाला तपासता येईल असा पुरावा लागतो. गटाची खरेदी-साठा नोंदवही व तोंडी सादरीकरण यांवर गुण द्यावेत, असा आमचा विचार आहे.

अशा सामूहिक कामातून प्रत्येकीचे वैयक्तिक गुण कसे ठरवावेत, आणि दहावी नसलेल्या सहभागींच्या पूर्वानुभवाला श्रेयांक देताना तुमच्या विद्यापीठाने कोणती कागदपत्रे ग्राह्य धरली?