क्लच दाबला की घर्रर्र आवाज, गिअरबॉक्स उतरवायलाच लागेल का?

चौथागिअर
मॅन्युअल पेट्रोल गाडी आहे, ९० हजार किमी झालेत, क्लच कंपनीतून आला तोच अजून आहे. गेले दोन-तीन आठवडे क्लच दाबला की खालून घर्रर्र असा कोरडा आवाज येतोय. सिग्नलला जास्त जाणवतो पण खरं सांगायचं तर चालू गाडीतही मधूनमधून येतो, त्यामुळे नक्की कधी येतो हे सांगता येत नाहीये. गिअर नीट पडतात, गाडी ओढतेय, क्लच स्लिप होत नाहीये. एक मेकॅनिक म्हणतोय पूर्ण क्लचसेट टाका, दुसरा म्हणतोय गिअरबॉक्सचं बेअरिंग गेलंय. दोघांनीही गाडी खालून बघितलेली नाही. काय करू?

स्पॅनरवाला
आधी कुणालाही काही उघडू देऊ नका. आवाज कसा आहे यापेक्षा कधी येतो ते महत्त्वाचं. गाडी उभी, हँडब्रेक ओढलेला, न्यूट्रल, खिडक्या बंद, गाणी बंद, आणि हे करा.

इंजिन बंद ठेवून पेडल दहा वेळा दाबा. तेव्हाही कुईकुई आलं तर पेडलचं बुश, स्प्रिंग, केबल नाहीतर फोर्कच्या (आत बेअरिंग ढकलणाऱ्या दांडीच्या) टेकूची जागा कोरडी पडलीय, बऱ्याचदा ग्रीसवर काम भागतं. मग इंजिन चालू करून पाय पेडलवरून पूर्ण काढा, अगदी फ्लोअरवर ठेवा. अशा वेळी आवाज आहे आणि क्लच दाबल्यावर जातो, तर संशय गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टच्या (इंजिनची फिरकी आत नेणाऱ्या दांड्याच्या) बेअरिंगवर, कारण पेडल वर असताना तो शाफ्ट फिरत असतो आणि क्लच दाबला की थांबतो. उलट पाय काढल्यावर शांत आणि दाबायला लागलं की आवाज सुरू, तर रिलीज बेअरिंग, म्हणजे पेडल दाबल्यावर क्लच सोडवायला पुढे ढकललं जातं ते. फक्त पूर्ण दाबल्यावर, तेही गिअरमध्ये टाकून गाडी उभी असताना आवाज येत असेल तर पायलट बेअरिंग (इनपुट शाफ्टचं इंजिनाकडचं टोक धरणारं) बघा, पण पुढची चाकं ओढणाऱ्या बऱ्याच गाड्यांत ते नसतंच.

आणि एक विचारतो, राग मानू नका, गाडी चालवताना डावा पाय कुठे असतो?

चौथागिअर
क्लचवर पाय ठेवून चालवायची सवय नाहीये मला.

आत्ता टेस्ट केली. इंजिन बंद असताना काही नाही. चालू करून पाय काढला तर एकदम शांत. नुसता अंगठ्याने पेडल दोन बोटं दाबलं की घर्रर्र सुरू, पूर्ण दाबलं की वाढतो.

(बायको शेजारी बसली होती, ती म्हणते तुझा पाय कायम तिथेच असतो. असो.)

स्पॅनरवाला
घ्या, म्हणून चालू गाडीतही आवाज येत होता 😄 नुसत्या पायाच्या वजनानेसुद्धा बेअरिंग प्रेशर प्लेटच्या (क्लच प्लेटला दाबून धरणाऱ्या भागाच्या) स्प्रिंगच्या बोटांवर दाबलं जातं आणि सतत लोडवर फिरत राहतं. ते थोड्या वेळाच्या दाबासाठी केलेलं असतं. रिलीज बेअरिंगच आहे तुमचं.

काळंऑइल
बेअरिंगच असेल तर फक्त बेअरिंग बदला ना, क्लच प्लेट चांगली चालतेय म्हणताय, उगाच सेट कशाला.

स्पॅनरवाला
@काळंऑइल बेअरिंग स्वस्त असतं हो, पण तिथपर्यंत पोचायला गिअरबॉक्स उतरवावाच लागतो आणि खरी मजुरी त्यातच जाते. ९० हजार झालेल्या प्लेटवर नवीन बेअरिंग टाकून वर्षभरात परत तोच उद्योग करायचा का? मी तरी क्लच प्लेट, प्रेशर प्लेट, बेअरिंग तिन्ही, म्हणजे पूर्ण सेट, एकदम टाकतो. उतरवलंच आहे तर फ्लायव्हीलवर (क्लच ज्यावर बसतो त्या इंजिनाच्या जड चाकावर) निळे डाग, चिरा आहेत का बघा आणि क्रँकचं मागचं ऑइल सील ओलं दिसलं तर तेही बदला, नाहीतर नव्या प्लेटवर ऑइल येऊन गाडी उचलताना थरथरेल.

बसवताना उभं राहून बघा. प्लेट अलाइनमेंट टूलने मध्यावर हवी, प्रेशर प्लेटचे बोल्ट समोरासमोरचे थोडेथोडे करत आवळायचे. शाफ्टच्या स्प्लाइनवर (खाचांवर) ग्रीस अगदी पुसल्यासारखं, जास्त झालं तर फिरताना उडून प्लेटवर जातं. गिअरबॉक्स चढवताना त्याचं वजन प्लेटवर लोंबकळू द्यायचं नाही, प्लेट वाकते. आणि नवीन बेअरिंग कुणी "साफ करून देतो" म्हणत पेट्रोलमध्ये बुडवलं तर हातातून हिसकावून घ्या, ते सील केलेलं असतं, आतलं ग्रीस धुतलं जातं. घरी करायचा विचार असेल तर नुसत्या जॅकवर गाडीखाली जाऊ नका.

चौथागिअर
अपडेट. काल काम झालं, तिन्ही टाकले. जुनं बेअरिंग हातात घेऊन फिरवलं तर वाळू भरल्यासारखं खरखरत होतं. प्लेटही झिजून जवळपास रिव्हेटपर्यंत आली होती, म्हणजे फक्त बेअरिंग टाकलं असतं तर फसलो असतो. सील कोरडं होतं, ठेवलं. पेडल इतकं हलकं झालंय की सकाळी दोनदा गाडी बंद पाडली.

रिव्हर्स_कुठाय
वाचनखूण साठवली. माझं उलटं आहे, न्यूट्रलला आवाज येतो आणि क्लच दाबला की जातो. डिझेल आहे. म्हणजे गिअरबॉक्स गेला का?

स्पॅनरवाला
@रिव्हर्स_कुठाय लगेच गेला म्हणू नका. आधी गिअर ऑइलची लेव्हल आणि रंग बघा, कमी असेल तर गळतं कुठून ते शोधा. सारखी एकसुरी घूं असेल तर इनपुट बेअरिंग. खडखड असेल आणि इंजिन बंद करताना शेवटी धडधड होत असेल तर तुमच्या गाडीत दुहेरी फ्लायव्हील (मध्ये स्प्रिंग असलेलं दोन भागांचं) आहे का ते विचारा, ते झिजलं की असाच खडखडाट करतं. कोणता आहे ते ऐकून सांगा.