पेग ब्रॅकनबाईंचा पाच तासांचा स्टू कुणी केलाय का?

कंटाळेश्वरी (पुणे)
मावसबहिणीने अमेरिकेतून येताना माझ्यासाठी मुद्दाम शोधून पेग ब्रॅकनचं 'द आय हेट टू कुक बुक' आणलंय, म्हणजे स्वयंपाकाचा तिटकारा असणाऱ्यांसाठीचं पाककृतींचं पुस्तक. १९६० चं. माझी नातेवाइकांतली ख्याती यावरून ओळखा! वाचून पोट धरधरून हसले, आता करून बघायची खुमखुमी आलीये. 'स्टे-अबेड स्टू' म्हणून पाकृ आहे: दोन पौंड बीफ, मटारचा डबा, गाजर, कांदे, बटाटा, तमालपत्र आणि क्रीम ऑफ टोमॅटो सूपचा डबा, अर्धा डबा पाणी घालून. घट्ट झाकणाच्या भांड्यात सगळं घालायचं, २७५ अंशांवर पाच तास ओव्हनमध्ये ठेवायचं आणि आपण परत अंथरुणात. मटण चालेल का? माझ्या ओटीजीवर २५० च्या पुढे आकडेच नाहीत. आणि सूपच्या डब्याऐवजी घरी काय करू?

जर्सीची सून (न्यू जर्सी)
अगं, ते फॅरनहाइट! म्हणजे १३५ सेल्सिअस. मटण खुशाल घे, हाडासकट.

सूपचं म्हणशील तर डब्यातलं सूप कंडेन्स्ड असतं, दाट आणि खारट, म्हणून घरचं पातळ सूप ओतून भागत नाही. टोमॅटोऐवजी मश्रूमचं हवं असेल तर दोन चमचे लोण्यावर तीन चमचे मैदा परतायचा, वाटीभर दूध घालून घोटायचं, त्यात परतलेले मश्रूम. झालं.

पण हे करत बसलीस तर बाईंच्या पुस्तकावर पाणीच. त्या पोर्टलंडला जाहिरातींचा मजकूर लिहायच्या, घरी रोजचा स्वयंपाक होताच. पुस्तक अनेक पुरुष संपादकांनी परत पाठवलं, शेवटी एका बाईने घेतलं आणि पुढे ३० लाखांवर प्रती खपल्या. डबा फोडायचा तो वेळ वाचवायला. तोच पदार्थ तू तासभर घोटून करणार असशील तर सरळ रस्सा कर की!

त्यातली स्ट्रोगनॉफची, म्हणजे सावर क्रीममधल्या खिम्याची पाकृ बघ. खिमा, मैदा, मश्रूम कढईत पाच मिनिटं शिजू द्यायचे आणि तोवर सिगारेट पेटवून सिंककडे रागाने बघत राहायचं. मला ती ओळ फार आवडते, कारण ती पाच मिनिटं खरीच लागतात, मैद्याचा कच्चेपणा जायला. थट्टेच्या आडून बाई बरोबर वेळ सांगून जातात.

मी कॅम्डेनपासून तासाभरावर राहते. डबाबंद सूपवाल्या कॅम्पबेल कंपनीच्या तिथल्याच स्वयंपाकघरात १९५५ मध्ये डॉर्कस रायली यांनी फरसबी आणि मश्रूम सूपचं कॅसरोल (ओव्हनमध्ये भाजायचा पदार्थ) बसवलं. थँक्सगिव्हिंगच्या आधी ऑफिसच्या पॉटलकला (प्रत्येकाने घरून एकेक पदार्थ आणायचा ते जेवण) ते येतंच, कधीकधी दोन-दोन घरांतून. वरचा तळलेला कांदा आधी संपतो, खालच्या फरसबीकडे कुणी बघत नाही.

मिरीचा दाणा
डब्यातलं खाऊन पिढ्या बिघडल्या. मनापासून केलं की कंटाळा येत नाही.

जर्सीची सून
मिरीदादा, रोज दोन्ही वेळचा स्वयंपाक तुम्हीच करता ना? मग बोला!

खमंग काकू (नाशिक)
कंटाळेश्वरी, पाच तास ओटीजी चालवून वीजबिल कशाला वाढवतेस? आपल्याकडे तिच्या डब्याचं काम कुकर करतो. मटण, कांदे, गाजर, टोमॅटो प्युरीचं पाकीट, तमालपत्र आणि मीठ एकदम घाल. एक शिट्टी झाली की गॅस बारीक, मग २५ मिनिटं. बटाट्याच्या मोठ्या फोडी वाफ गेल्यावर घालून पुन्हा एक शिट्टी, नाहीतर लगदा होतो. फ्रोजन मटार अगदी शेवटी. तिचे डब्यातले मटार आधीच शिजलेले असतात, म्हणून तिने ते पहिल्यापासून घातलेत. झोपायला नाही मिळणार, पण आंघोळ होईल.

कंटाळेश्वरी
काकू, आंघोळ चालेल :) रविवारी कुकरचाच बेत. मिरीदादांना जेवायला बोलावणार नाही. स्ट्रोगनॉफमध्ये एक कप सावर क्रीम आहे, त्याऐवजी चक्का चालेल का?

जर्सीची सून
चालेल, पण दुधात घोटून सैल कर आणि गॅस बंद केल्यावरच घाल. उकळत्यात घातलास तर फाटेल. मीठही हात राखून, सूपच्या डब्यात आधीच भरपूर असतं.