नवी अल्पाइन ए110 एवढी हलकी कशी जमली?

गाडीवेडा: 2017 ला जिनिव्हाच्या मोटर शोमध्ये दाखवलेली नवी ए110 ही फ्रेंच स्पोर्ट्स कार जेमतेम 1100 किलोची आहे, एअरबॅग, एसी, क्रॅशचे नियम सगळं सांभाळून हे कसं केलं? आणि जुन्या ए110 चं इंजिन पार मागे होतं, नवीत मध्ये का आणलं?

पाना_बारा: चासी (खालचा सांगाडा) अन् बॉडी दोन्ही ॲल्युमिनियमची, पण मला भारी वाटतं ते बारीक काम. मागे पार्किंग ब्रेकला सहसा वेगळा कॅलिपर (ब्रेकची डिस्क दाबून धरणारा भाग) देतात, इथे तो मेन कॅलिपरमध्येच बसवला आणि अडीच किलो वाचले. एक सीट 13.1 किलोची!! असं किलोकिलोने घासाघीस करत गेलेत.

घाटवळण: इंजिन मध्ये आणि पेट्रोलची टाकी पुढे, म्हणून वजन पुढे 44 मागे 56 टक्के पडतं, वळणात ॲक्सिलरेटर सोडला की शेपूट फिरायची भीती कमी. गाडी हलकी म्हणून स्प्रिंगही मऊ चालतात, चारही चाकांना डबल विशबोन (चाक धरणारे वर-खाली दोन आडवे हात) आहे त्यामुळे बॉडी कलली तरी टायर नीट टेकून राहतो, आणि सस्पेन्शन पार दबलं की हायड्रॉलिक स्टॉप (तेलावर चालणारा अडसर) दणका जिरवतो.

पाना_बारा: बरोबर. जुनीने 1973 ची पहिली वर्ल्ड रॅली चॅम्पियनशिप मारली ती पण हलकेपणावरच, नुसता जुनीचा गोल दिव्यांचा चेहरा उचलला असता तर मी हिच्याकडे बघितलंही नसतं.