दिवाडी बेटावर कुत्रा आणि दोन मांजरे घेऊन राहायला जायचे आहे, जूनच्या आधी काय काय करावे?

सिंहगड_रोड

नमस्कार मंडळी. जूनच्या पहिल्या आठवड्यात पुण्याहून गोव्यात, दिवाडी बेटावर राहायला जातो आहोत. बेटावरच्या पिएदाद गावात जुने कौलारू घर भाड्याने ठरले आहे. पुढे बाल्कांव (बसायची ओसरी), मागे परस, आणि परसाच्या गडग्यापलीकडे (दगडी कुंपणापलीकडे) भातशेती. बरोबर सहा वर्षांचा लॅब्राडोर (वजन ३२ किलो) आणि दोन मांजरे आहेत, एक देशी बोका आणि एक चार वर्षांची पर्शियन मनी. तिघांचीही नसबंदी झालेली आहे. तिघेही तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये वाढलेले, मातीशी फारसा संबंध नाही.

स्वतःची गाडी आहे. एका दिवसात नेता येईल की रेल्वे बरी? कोणते कागद लागतात? फेरीबोटीत प्राण्यांचे कसे करतात? आणि पावसाळ्याची तयारी काय करावी? आत्ता एप्रिलचा पहिला आठवडा चालू आहे, म्हणजे हाताशी दोन महिने आहेत.

पशुवैद्य_डिचोली

प्रवास एका दिवसात उरकतो, त्याचे कोणीतरी सांगेलच. खरे काम लसींचे आणि गोचिडांचे आहे, आणि ते पुण्यातच, याच आठवड्यात सुरू करायला हवे. कुत्रा बेटावर उतरेल आणि पाऊस सुरू होईल, मध्ये श्वास घ्यायला वेळ मिळणार नाही.

आधी लेप्टोस्पायरोसिस. उंदीर-घुशींच्या लघवीतून हे जंतू पाण्यात उतरतात. दिवाडीची शेती बरीचशी खाजन जमिनीत आहे, म्हणजे बांध आणि मानस (पाणी सोडायचे-अडवायचे दार) घालून खारे पाणी अडवलेली सखल शेते. पावसात तिथे पाणी साचून राहते आणि बांधांत घुशींची बिळे असतातच. कुत्रा ते पाणी प्यायला किंवा पंजाला चीर असताना त्यातून चालला, तरी संसर्ग होतो. लसीचे पुस्तक उघडून बघा. 'डीएचपीपीआय' या नेहमीच्या एकत्रित लसीपुढे 'एल' (लेप्टो) आहे का, किंवा रेबीजबरोबर लेप्टो असलेली 'आरएल' दिली आहे का? फ्लॅटमधल्या कुत्र्यांना बरेचदा लेप्टो दिलेलाच नसतो. कधीच दिला नसेल किंवा वर्ष उलटून बरेच दिवस झाले असतील तर दोन डोस लागतात, तीन ते चार आठवड्यांच्या अंतराने. आज पहिला घेतलात तर दुसरा मेच्या सुरुवातीला होईल आणि अंगात प्रतिकारशक्ती तयार व्हायला पुरेसे दिवस मिळतील. पुढे दर वर्षी, पावसाच्या आधी. लसीत जंतूचे ठरावीक प्रकारच असतात, म्हणून लस झाली तरी शेतातले पाणी पिऊ देऊ नका. फिरायला जाताना घरचे पाणी न्या. ताप, उलट्या, गडद पिवळी लघवी, डोळ्यांच्या पांढऱ्या भागावर पिवळेपणा, यांतले काहीही दिसले तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा, आणि लघवी पुसताना हातमोजे घाला. हा आजार माणसालाही होतो.

आता गोचीड. कुत्र्यावरचा तपकिरी गोचीड घरातच संसार थाटतो. मादी रक्त पिऊन गळून पडते, भिंतीच्या फटीत, चौकटीमागे, वाशांत जाऊन हजारो अंडी घालते. पिल्ले आणि मोठे गोचीड काही खायला न मिळताही महिनोन्‌महिने जगतात. जुन्या मातीच्या किंवा चिऱ्यांच्या घरात आधीच्या भाडेकऱ्याचा कुत्रा राहून गेला असेल तर घर रिकामे दिसले तरी गोचीड तिथेच असू शकतात. मालकाला विचारा. सामान लागण्याआधी फटी चुन्या-सिमेंटने बुजवून घ्या आणि भिंतींच्या कडांना खांद्याइतक्या उंचीपर्यंत औषध मारून घ्या. हे गोचीड भिंतीवर चढतात, त्यामुळे नुसती फरशी फवारून भागत नाही. दोन ते तीन आठवड्यांनी पुन्हा फवारा, कारण अंड्यांवर औषधाचा फारसा परिणाम होत नाही.

कुत्र्याला खायची गोळी द्या. अफोक्सोलेनरची महिन्याला एक, फ्लुरालेनरची बारा आठवड्यांना एक. पहिली गोळी निघण्याच्या आठवडाभर आधी. पूर्वी कधी फिट आली असेल तर या गटातली औषधे डॉक्टरांशी बोलल्याशिवाय देऊ नका. गोळीने गोचीड मरतो तो चावल्यावर, म्हणून रोज संध्याकाळी कानांच्या आत, बोटांच्या मध्ये, काखेत आणि गळपट्ट्याखाली हात फिरवून बघायचेच. चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढा. रॉकेल, तेल, काडेपेटी यांचा प्रयोग नको.

इथे 'टिक फीवर' म्हणतात तो एकच आजार नाही. गोचिडातून येणारा अर्लिकिया हा जंतू असेल तर डॉक्सिसायक्लिन हे प्रतिजैविक सहसा २८ दिवस चालते आणि मध्येच बरे वाटले म्हणून थांबवले की आजार उलटतो. बबेसिया हा रक्तातला परजीवी असेल तर नुसत्या डॉक्सिसायक्लिनने काम होत नाही, औषधे वेगळी. म्हणून रक्ताची काच (काचेवर थेंब पसरून सूक्ष्मदर्शकाखाली) आणि प्लेटलेट तपासल्याशिवाय अंदाजाने औषध सुरू करू नका. खाणे सुटले, हिरड्या फिक्या पडल्या, नाकातून रक्त आले, तर वाट बघू नका. निघण्यापूर्वी पुण्यात एकदा पूर्ण रक्त तपासून अहवाल जवळ ठेवा. पुढे आजारी पडला तर त्याचे नेहमीचे आकडे किती होते हे आम्हाला कळते, आणि त्याचा फार उपयोग होतो.

मांडवीकाठ

डॉक्टरांनी महत्त्वाचे सांगितलेच. मी वाट आणि फेरी सांगतो.

शक्य असेल तर जूनचा पहिला आठवडा नको, २५ मेच्या आत या. गोव्यात पाऊस साधारण ५ जूनच्या सुमारास लागतो. घाटात धुके, फेरीच्या रॅम्पवर शेवाळ, आणि ओले सामान, हे सगळे एकाच दिवशी अंगावर घेऊ नये.

रेल्वेत कुत्रा-मांजर न्यायचे तर पहिल्या वर्गाचा आख्खा कूपे किंवा केबिन तुमच्या नावावर हवी. नाहीतर कुत्रा गार्डच्या डब्यातल्या पेटीत जातो. मे महिन्यात ती पेटी म्हणजे भट्टी, तो विचार सोडा. गाडीच बरी. पुणे ते गोवा साधारण ४५० किलोमीटर, थांबत थांबत दहा-अकरा तास धरा. पहाटे चारला निघा. निपाणीवरून आजरा, आंबोली, सावंतवाडी ही एक वाट. दुसरी बेळगावहून चोर्ला घाटाने साखळी, डिचोली. या दुसऱ्या वाटेने आलात तर पणजीत शिरावेच लागत नाही, डिचोलीहून नार्वेला जाऊन तिथल्या फेरीने थेट दिवाडीवर उतरता येते. बाकीच्या दोन फेऱ्या जुन्या गोव्याहून आणि रायबंदरहून. शेजारच्या चोडणला मये बाजूने रस्ता आहे, दिवाडीला मात्र फेरीशिवाय वाट नाही, हे मनात पक्के धरा.

फेरीत कुत्रा गाडीतच ठेवा, खिडक्या अर्ध्या उघड्या, पट्टा कोणाच्या तरी हातात. लोखंडी डेकवर उतरवू नका. दुपारी पत्रा पंजे भाजतो, आणि फळी आपटल्याचा आवाज ऐकून नवखा कुत्रा बिथरतो. ओहोटीला रॅम्प जास्त उतार घेतो, सामानाने दबलेल्या गाडीचे पोट घासते, तेव्हा भरतीच्या आसपास चढा. सामानाचा मोठा ट्रक फेरीवर न्यायचे स्वप्न बघू नका. अलीकडच्या काठाला छोट्या टेम्पोत सामान बदलून घ्या आणि टेम्पोवाल्याशी आधीच बोलून ठेवा.

सगळ्यात महत्त्वाचे, फेरी रात्रभर चालत नाही. शेवटच्या फेरीची वेळ प्रत्येक धक्क्यावर वेगळी असते. नदी परिवहन खात्याच्या माणसांना धक्क्यावरच विचारून ती दाराच्या आत लिहून ठेवा. पावसात प्रवाह जोरात असला की फेरी थांबतेही. त्यामुळे संध्याकाळी सहाला कुत्रा सुस्त वाटला तर 'सकाळी बघू' म्हणायचे नाही, तेव्हाच पलीकडे जायचे. पणजीत तोंका इथे सरकारी पशुवैद्यकीय रुग्णालय आहे. शिवाय पलीकडचे दोन खासगी दवाखाने ठरवून, पहिल्याच आठवड्यात कुत्र्याला नेऊन कार्ड काढून ठेवा. ३२ किलोचा आजारी कुत्रा उचलायला जाड सतरंजी गाडीत कायम असू द्या, दोन माणसे चार टोके धरून नेतात.

कागद म्हणाल तर रेबीजचा दाखला, लसीचे पुस्तक, निघण्याच्या दोन-चार दिवस आधीचे तंदुरुस्तीचे प्रमाणपत्र. मूळ आणि फोटोप्रत दोन्ही. इथे आल्यावर पंचायतीत कुत्र्याच्या नोंदीचे विचारा. रेबीजच्या बाबतीत गोवा फार जागरूक आहे, २०२१ मध्ये राज्य रेबीज-नियंत्रित क्षेत्र म्हणून जाहीर झाले आणि गावोगावी लसीकरणाची पथके फिरतात. तुमच्याच कुत्र्याची लस चुकलेली असणे शोभणार नाही.

माजघर

मांजरांचे कोणी बोलले नाही, म्हणून लिहिते.

कुत्र्यासाठी आणलेली गोचिडांची औषधे मांजरांपासून लांब ठेवा. परमेथ्रिन असलेले मानेवर टाकायचे औषध किंवा पावडर मांजराला लागली तर झटके येऊन ते दगावते. अमिट्राझचे अंघोळीचे औषधही तसेच. कुत्र्याला असे औषध लावून बोका त्याच्या कुशीत झोपला, एवढेही पुरते. डॉक्टरांनी सांगितलेली खायची गोळी याच कारणाने तुमच्या घराला योग्य आहे. घरात फवारणी झाली की भिंती पूर्ण वाळेपर्यंत मांजरे आत नकोत.

पावसात इथे दोन वस्तू घरोघरी निघतात, कपाटात डांबराच्या गोळ्या आणि फरशीला फिनाईल. दोन्ही मांजराला विषारी. पंजाला लागलेले फिनाईल ते चाटून पोटात घेते. कपाटाला कडुलिंबाचा पाला चालतो, फरशीला साधे साबणाचे पाणी. परसात सायकसचे झाड असेल तर कुत्र्यासाठी ते काढून टाका, त्याची बी यकृत निकामी करते. आणि मालकाने माळ्यावर उंदरांचे औषध ठेवलेले आहे का, हे स्वतः चढून बघा.

कौलारू घराला मुख्य धोका वरून आहे. भिंत आणि कौले यांच्या मधल्या फटीतून मांजर माळ्यावर आणि तिथून छपरावर जाते. एक खोली निवडा, तिला वरून जाळी मारून घ्या, नायलॉनची नको, अर्ध्या इंची गॅल्वनाइज्डची. पहिले तीन-चार आठवडे दोघेही त्याच खोलीत. पुण्यातली न धुतलेली चादर आणि तीच शौचाची मातीची पेटी तिथे ठेवा. घाईने दार उघडले तर बोका जुने घर शोधत निघतो, आणि इथे त्याला बेट संपेपर्यंत पाणीच लागेल.

प्रवासात दोघांना वेगळ्या कडक पेट्या, वरून सुती कापड. आधीचे पाच-सहा तास खाणे नाही, पाणी चालते. मधल्या थांब्यावर पेटी गाडीबाहेर उघडायची नाही, कितीही ओरडली तरी. गाबापेंटिन हे शांत करणारे औषध डॉक्टरांकडून वजनाप्रमाणे लिहून घ्या, पण आधी घरीच एकदा देऊन बघा. काही मांजरे त्याने इतकी लडखडतात की मात्रा कमी करावी लागते.

मातीच्या पेटीतली बेंटोनाइट माती दमट हवेत आपोआप ओली होते, मग तीत वास मारतो आणि मांजर बाहेर जागा शोधते. पोते डब्यात बंद ठेवा, पेटीत थर पातळ घाला आणि लवकर बदला. कोरडे खाणेही तीन किलोपेक्षा मोठे आणू नका. मूळ पिशवीसकट घट्ट झाकणाच्या डब्यात, महिन्याभरात संपेल इतकेच. कुबट वास आला तर सरळ फेकून द्या, बुरशीचे विष दिसत नाही.

सिंहगड_रोड

सगळ्यांचे मनापासून आभार. मेच्या २२-२३ तारखेलाच निघायचे ठरवतो. अजून दोन प्रश्न. पर्शियनला तिथला उकाडा झेपेल का? आणि साप-मगरींचे ऐकून आईचा धीर सुटला आहे, त्यात किती तथ्य?

पशुवैद्य_डिचोली

चपट्या नाकाची मांजर दमट हवेत लवकर दमते. हवा दमट असली की धापेतून उष्णता बाहेर पडत नाही. जाळीच्या खोलीतच पंखा आणि एसी असू द्या, आणि पंख्यापुरता इन्व्हर्टर. पावसात वीज वारंवार जाते. निघण्यापूर्वी तिचे केस पोटाखाली आणि मागे बारीक करून घ्या, ओल धरलेल्या जटांखाली बुरशी लागते. तोंड उघडून धापा टाकू लागली तर साध्या पाण्याने अंग ओले करून पंख्याखाली धरा, बर्फ लावू नका, आणि लगेच निघा. लॅब्राडोरचे कान लोंबते, आठवड्यातून एकदा कान धुवायच्या द्रावणाने स्वच्छ करा, पाण्यातून आल्यावर कोरडे करा. कापसाच्या काड्या नकोत.

आईंना सांगा, दोन्ही खरे आहे आणि दोन्ही टाळता येते. बेटाजवळच्या कुंभारजुवे कालव्यात मगरी आहेत. खाजनातले शेतकरी दुर्भाटला पौष अमावास्येला चिखलाची मगर करून तिची पूजा करतात, इतकी ती इथली आहे. कुत्र्याला खाडीत, मानशीपाशी किंवा बांधालगत पोहायला सोडायचे नाही. लॅब्राडोरला पाणी दिसले की राहवत नाही, म्हणून पाण्याच्या बाजूला पट्टा हातातच.

नाग, मण्यार, घोणस, फुरसे हे चारही इथे आहेत. परसात कौले, नारळाच्या सोडणांचा ढीग, चिरे रचून ठेवू नका, उंदीर येतात आणि मागोमाग साप. कुत्र्याचे उरलेले खाणे रात्री बाहेर नको. अंधारात बॅटरीशिवाय परसात सोडू नका. चावल्याचा संशय आला तर बांधू नका, चिरू नका, चालवू नका. सतरंजीवर घालून थेट न्या. वाटेतून फोन करून सर्पविषावरची लस आहे का ते विचारा, नसेल तर पुढचा दवाखाना. कुत्रा लहान म्हणून लसीची मात्रा कमी होत नाही, विष तितकेच गेलेले असते. मण्यारीच्या दंशाला सूज नसते, नुसते मागचे पाय लटपटतात, हे लक्षात असू द्या.

पहिल्या पावसात भेक (खरखरीत कातडीचे बेडूक) बाहेर पडतात. कुत्र्याने तोंडात धरला की फेस येतो. ओल्या फडक्याने हिरड्या पुन्हा पुन्हा पुसा, पाणी ओतलेच तर मान खाली ठेवून बाजूने, घशात नाही.

मांडवीकाठ

एक राहिले. ऑगस्टच्या चौथ्या शनिवारी दिवाडीवर बोंदेरा हा झेंड्यांचा उत्सव असतो. बँड, मिरवणूक, फेरीला दिवसभर रांग. चवथीला आणि नरकासुराच्या रात्री फटाके. त्या दिवसांत कुत्र्याला आतल्या खोलीत ठेवा, औषधे आदल्या दिवशीच आणून ठेवा, आणि गळपट्ट्यावर दिवाडीचा पत्ता नि तुमचा नंबर कोरून घ्या. पुण्याचा पत्ता असलेला बिल्ला इथे कोणाच्याच कामाचा नाही.