करंगळी धरून बघा

हवा भिंगासारखं काम करते म्हणून उगवता चंद्र मोठा दिसतो, असं काही जण म्हणतात, ते पटत नाही. वक्रीभवनाने, म्हणजे हवेतून येताना प्रकाश वाकल्याने, तो उलट वरखाली किंचित चेपतो. शिवाय माथ्यावर असतो त्यापेक्षा क्षितिजावर तो आपल्यापासून सुमारे ६,००० किमी लांब असतो! मोठेपणा हा मेंदूला होणारा भास.

मागच्या पौर्णिमेला शिवडीच्या जेट्टीवरून खाडीपलीकडे उगवताना केवढा थोरला, तांबूस दिसला. हात लांब करून करंगळी आड धरली, अख्खा झाकला गेला. मध्यरात्री गच्चीवरूनही तेवढ्याच करंगळीत मावला. मुलांना हे दाखवाच.

रंग मात्र खराच बदलतो. तिरक्या वाटेने हवेचा जाड थर ओलांडताना निळा प्रकाश विखुरतो, तांबडा-पिवळा उरतो. आपल्याकडच्या धुळीने तो आणखी गडद होतो.