व्हीआरएस २३० साठी पॅनल एअर फिल्टर: कापडी, फोम की कंपनीचाच कागदी?

कासारवडवलीकर

नमस्कार मंडळी. गाडी स्कोडा ऑक्टाव्हिया व्हीआरएस २३०, २०१८ ची, पुण्याहून सेकंडहँड घेतली. इंजिनाला आधीच्या मालकाने हात लावलेला नाही, सगळं स्टॉक, म्हणजे कंपनीतून आलं तसं. माझं रोजचं जाणं-येणं कासारवडवली ते ऐरोली. म्हणजे घोडबंदर रोड, माजिवडा, मग मुलुंड-ऐरोली पूल. मेट्रोचं काम, आरएमसीचे (तयार काँक्रीटचे) मिक्सर, दगडाची कच वाहणारे डंपर, यातलं काही ना काही कायम माझ्या पुढे असतंच. सकाळी पुसलेल्या बॉनेटवर संध्याकाळी बोटाने नाव लिहून घ्या.

परवा एअरबॉक्स (एअर फिल्टरचा डबा) उघडला. कागदी फिल्टरच्या घड्यांमध्ये राखाडी थर, कोपऱ्यात वाळलेल्या पानाचे तुकडे आणि एक अख्खा चतुर. गॅरेजवाला म्हणतो, "के अँड एन टाका साहेब, पिकअप बघा काय येतं! आणि परत आयुष्यात फिल्टर बदलायला नको."

डोळ्यासमोर आहेत ते असे: के अँड एनचा कापडी ३३-३००५, बीएमसीचा (महापालिका नव्हे, इटलीवाली) तसाच कापडी, पाइपरक्रॉसचा फोमचा, नाहीतर गुपचूप कंपनीचा कागदी. पुढे स्टेज वन रिमॅप (इंजिनाच्या संगणकातला मॅप, म्हणजे प्रोग्रॅम, बदलून पॉवर वाढवणं) करायचं डोक्यात आहे. खरंच फरक पडतो का? आणि आपल्याकडच्या धुळीत कुठला घ्यावा?

पामबीच_पल्स

भावा, के अँड एन. डोळे झाकून. माझ्या जुन्या स्कोडा लॉरात होता. पाय दाबला की टर्बोचा जो सूं आवाज येतो ना, पैसे तिथेच वसूल! पॉवरचं म्हणशील तर थोडी मोकळी वाटते गाडी. धूळबिळ काही होत नाही, लोक उगाच घाबरवतात.

तळोजाकर

वयाने मोठा असेन म्हणून सरळ 'तू' म्हणतो. माझी नोकरी तळोजा एमआयडीसीत, कंप्रेसर हाऊसला गेली. मी गाड्यांचा मेकॅनिक नाही, पण हवा गाळणं हा माझा रोजचा धंदा होता. तिथे फिल्टरची किंमत कोणी विचारत नाही. तो फाटला तर कंप्रेसरच्या आतल्या स्क्रूची (हवा दाबणाऱ्या रोटरची) किंमत काय, ते विचारतात.

आधी पॉवरचं उरकून टाकू. तुझ्या इंजिनाला २३० पीएस काढताना मिनिटाला साधारण आठ-नऊ हजार लिटर हवा लागते. पण टर्बो गाडीत ईसीयू (इंजिनाचा संगणक) ठरलेला बूस्ट, म्हणजे टर्बोच्या हवेचा दाब, गाठतोच. फिल्टर जरा जास्त अडवत असेल तर वेस्टगेट (टर्बोला वळसा घालून धूर सोडणारी झडप) थोडा आणखी मिटवतो, टर्बो थोडा जास्त पळवतो आणि हिशेब जुळवून घेतो. स्टॉक मॅपवर तुझ्या वाट्याला काय येतं? आवाज. तो मात्र येतो, त्यात पामबीचवाले खोटं बोलत नाहीत.

नुसत्या गप्पा नकोत म्हणून मी हे मोजलंय. मुलाची पोलो जीटी आहे. गवंडी लेव्हलसाठी वापरतात ती पारदर्शक नळी घेतली, यू करून पट्टीवर बांधली, पाण्यात निळ्या शाईचा थेंब टाकला. एक टोक फिल्टरनंतरच्या नळीला, दुसरं मोकळं. रविवारी एमआयडीसीचे रस्ते रिकामे असतात. मुलगा तिसऱ्या गिअरमध्ये पूर्ण पाय देणार आणि मी शेजारी पट्टी धरून बसणार. कोरा कागदी फिल्टर आणि ताजा धुतलेला कापडी, यांच्यात पाण्याचा फरक दोन बोटं, म्हणजे चारेक सेंटिमीटर. वातावरणाचा दाब म्हणजे पाण्याचा दहा मीटरचा स्तंभ. त्यातले हे चार सेंटिमीटर, म्हणजे अर्धा टक्कासुद्धा नाही. उलट त्याच गाडीतून काढलेला जुना, घाण कागदी फिल्टर परत घालून बघितला तर पाणी वीतभर जास्त चढलं. लोक कोंदलेला फिल्टर काढून नवा कापडी घालतात आणि ब्रँडला श्रेय देतात. नवा कागदी घातला असता तरी गाडी तितकीच मोकळी झाली असती.

रिमॅप केलास तर गणित थोडं बदलतं. पॉवर तीनशेच्या आसपास गेली की हवा तीस टक्क्यांनी वाढते, आणि अडथळा त्याहून जास्त वाढतो. तेव्हा कमी अडवणाऱ्या फिल्टरला काही अर्थ आहे. पण तेव्हाही उघडा कोन फिल्टर (एअरबॉक्स काढून लावतात तो शंकूसारखा) लावू नकोस. गायमुखच्या ट्रॅफिकमध्ये बॉनेटखालची गरम हवा ओढायची म्हणजे हात दाखवून अवलक्षण. आत जाणारी हवा दहा अंशांनी तापली तर ती तीन टक्क्यांनी विरळ होते. फिल्टरने कमावलेलं सगळं तिथेच गेलं. बंद एअरबॉक्स आणि पुढून गार हवा, हे कंपनीने दिलंय ते तसंच राहू दे.

आता धूळ. खोक्यावर "९८ टक्के", "९९ टक्के" लिहिलेलं असतं आणि आपण म्हणतो, एक टक्क्याने काय होतंय! अरे, अडलेली धूळ कशाला बघतोस, सुटलेली बघ. एकाने ९९.५ टक्के अडवली, दुसऱ्याने ९८.५. पहिल्यातून अर्धा टक्का आत गेली, दुसऱ्यातून दीड. तिप्पट! शिवाय तो आकडा कुठल्या धुळीवर काढलाय तेही वाच. आयएसओ ५०११ ही फिल्टर तपासायची प्रमाण पद्धत, आणि त्यात चाचणीची धूळ बारीक वापरतात तशी जाडसरही. बारीक धुळीला ए२, जाडसरला ए४ म्हणतात. जाडसर धुळीवर कुठलाही फिल्टर चांगलाच दिसतो. इंजिनाला खरा त्रास देते ती पाच ते वीस मायक्रॉनची धूळ. डोळ्याला दिसत नाही, पण पिस्टनच्या रिंगा आणि लायनर (सिलिंडरची आतली भिंत) घासते. घोडबंदरला तुझ्या पुढे उडते त्यात काँक्रीटची भुकटी आणि दगडाची कच असते, ती काही मऊ नव्हे.

कागदाची एक गंमत आहे. तो थोडा मळला की आणखी चांगलं गाळतो, कारण वर बसलेला थरच गाळायला लागतो. म्हणून दर सर्व्हिसला हवा मारून तो चकचकीत करायची आपल्याकडची पद्धत मला पटत नाही. गॅरेजमधला पोरगा आठ बारच्या पाइपने हवा मारतो, घडीला बारीक छिद्र पडतं, आणि "साफ केला साहेब" म्हणून तोच परत बसवतो.

तेल लावलेला कापडी फिल्टर वाईट नसतो. पण तो धुणारा माणूस हवा. क्लीनर फवारून दहा मिनिटं मुरवायचं, मग स्वच्छ बाजूने घाण बाजूकडे, हलक्या धारेच्या पाण्याने धुवायचं. पेट्रोल नको, हेअर ड्रायर नको, कंप्रेसरची हवा तर नकोच. सावलीत पूर्ण वाळवायचं, मग घडीघडीवर तेल, वीसेक मिनिटं थांबायचं, फिकट राहिलेल्या जागी परत थोडं. मे महिन्यात एका दिवसात होतं. जुलैत ठाण्यात एक दिवसात वाळवून दाखव! तेवढे दिवस गाडी काय फिल्टरशिवाय चालवणार? म्हणजे कापडी घेतलास तरी एक कागदी डिकीत लागतोच. आणि ८० हजार किलोमीटरपर्यंत धुवायला नको वगैरे जे छापलेलं असतं, ते स्वच्छ डांबरी रस्त्यांचं आहे. आपल्याकडे प्रत्येक सर्व्हिसला काढून बघायचा.

सगळ्यात महत्त्वाचं, आणि कोणी बोलत नाही ते: कड. फिल्टर जगात भारी असला तरी रबराची कड एका कोपऱ्यात उचललेली असेल तर धूळ फिल्टरमधून जाईलच कशाला, बाजूने जाईल. आम्ही फिटर लोक प्रशियन ब्लू (खूण उमटवायची निळी पेस्ट) वापरतो. कडेवर अगदी पुसट लावायचा, झाकण बसवायचं, स्क्रू आवळायचे, परत उघडायचं. झाकणावर निळी रेघ सलग चारी बाजूंनी उमटली पाहिजे. तुटली तिथे फट. स्क्रू प्लास्टिकमध्ये जातात, जोर दाखवू नकोस, एका कोपऱ्याचा आटा गेला की झाकण तिथे कायमचं उचललेलं राहतं. मग हजारेक किलोमीटरनंतर फिल्टरनंतरच्या नळीत पांढरं फडकं फिरवून बघ. करडं आलं तर ब्रँड कुठलाही असो, काढून टाक.

तुझ्या रस्त्याला, स्टॉक मॅपवर, मी मान किंवा माले कंपनीचा कागदी घेईन आणि मॅन्युअलमध्ये सांगितलंय त्याच्या निम्म्या अंतरात बदलेन. एका कापडी फिल्टरच्या पैशात चार-पाच कागदी येतात. रिमॅपनंतर वाटलं तर कापडी घे, पण धुवायचा कंटाळा असेल तर तेव्हाही घेऊ नकोस. फोमचा मी हाताळलेला नाही.

डीएसजी_आणि_देव

काकांच्या पोस्टमध्ये दोनच गोष्टी जोडतो. एक, कापडी टाकायच्या आधी एअरबॉक्समधून निघणाऱ्या नळीवर हवा मोजणारा गरम तारेचा सेन्सर आहे का बघून घे. असेल आणि कोणी तेल थापून लावलं, तर त्या गरम तारेवर चिकटा बसतो, हवेचं माप चुकतं आणि मग चेक इंजिन. नसेल तर ही काळजी नाही. दोन, ऑनलाइन निम्म्या किमतीत दिसला तर हात लावू नकोस. मी एक असा मागवला होता, खोका हुबेहूब, आणि रबराची कड इतकी कडक की काकांची निळी रेघ दोन बाजूंनाच उमटली असती. ऑपेरा हाऊसच्या पार्टवाल्यांकडे हातात घेऊन, कड दाबून बघ.

पामबीच_पल्स

काका, मान गये. पण आवाजाचं काय? 😄

तळोजाकर

आवाज हवा असेल तर कापडी घे आणि आवाजासाठी घेतला म्हण. पिकअपसाठी घेतला म्हणू नकोस, एवढंच.

कासारवडवलीकर

काका, दंडवत. कागदी दोन घेतो, एक डिकीत. रिमॅपचं नंतर बघू. गॅरेजवाल्याला हवा मारू देणार नाही. एकच शंका: एवढ्या मोठ्या पानाचे तुकडे फिल्टरपर्यंत आले कसे?

तळोजाकर

चांगलं विचारलंस. या गाड्यांच्या एअरबॉक्सकडे येणाऱ्या रस्त्यात बऱ्याचदा एक प्लास्टिकची जाळी असते. युरोपात ती बर्फ अडवते, म्हणून आपल्याकडे लोक "काय कामाची" म्हणून उपटून टाकतात, हवा मोकळी येते म्हणे. पुण्याच्या मालकाने तेच केलं असणार. पुढचा डक्ट काढून बघ.

कासारवडवलीकर

बघितलं. जाळी नाहीये, नुसत्या खाचा आहेत. तरीच! आधीचा मालक शपथेवर स्टॉक म्हणाला होता.

तळोजाकर

मग फिल्टरच्या आधी ती मागव. सुटी मिळाली नाही तर डक्टसकट विचार. आणि एअरबॉक्सच्या तळाला पाणी निघून जायचं भोक असतं, त्यात पानाचा चुरा अडकला असेल तर पावसाळ्याआधी तारेने मोकळं करून घे.