साखळी गोष्ट करून बघा
वेगवेगळ्या देशांतल्या शाळांनी मिळून लिहायची कॉमन गोष्ट इंग्रजीतच लिहायची ठरली की निम्मी मुलं गप्प बसतात, असं कोणीतरी म्हटलं ते अगदी पटलं, फाडफाड बोलणारी चारजण पुढे आणि बाकीचे नुसते रंग भरणार. त्यापेक्षा साखळी गोष्ट करा ना, म्हणजे एका शाळेने सुरू केलेली गोष्ट पुढची शाळा पुढे नेईल, पात्र आर्क्टिक टर्न घ्या, हा पक्षी दरवर्षी आर्क्टिकहून पार अंटार्क्टिकाकडे जाऊन परत येतो, म्हणजे वाटेतल्या प्रत्येक शाळेला आपोआप एक प्रसंग मिळतो. आणि लिहायलाच पाहिजे असं थोडीच आहे, कोणी साईन लँग्वेजमधे व्हिडिओ करेल, कोणी लाटांचा आवाज रेकॉर्ड करेल, दृष्टिहीन मुलांसाठी दोरा नि वाळू चिकटवून बोटांना कळेल असा किनारा. युरोपातल्या शाळांना जोडीदार शोधायला ई-ट्विनिंग हे शाळांना मिळून प्रकल्प करता येणारं ऑनलाइन व्यासपीठ २००५ पासून आहेच. फक्त शिक्षकांनी शेवटी सगळं 'सुधारून' गुळगुळीत करू नये प्लीज, सगळी मजा तिथेच जाते.